फारगोच्या दरवाज्यांची बाहेरची हँडलं काढावीत का?

फारगोवाला_१५ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे आजोबांची फारगो ट्रक आहे. चार टायरची, आरसीवर साल १९६२. पिंपळगावहून कांदा आणि द्राक्षाच्या पेट्या भरून ती कसारा घाट उतरून मुंबईला जायची. १९८९ नंतर वडिलांनी धंद्यातून काढली, तेव्हापासून मळ्यातल्या शेडमध्ये उभी होती. दोन वर्षांपूर्वी इंजिन उघडलं, पंप-नोझल झालं, ब्रेक झाले. आता चालते. राहिलंय ते बॉडीचं काम.

मला ती हुबेहूब जुनी करायची नाहीये. एक रंग, मऊ गोलाई, पत्र्यावर कुठेही खिळा-पट्टी नाही, अशी करायची आहे. अमेरिकेत जुन्या पिकअपची बाहेरची हँडलं काढून भोकं बुजवतात आणि दरवाजा रिमोटने उघडतात, त्याला ते शेव्ह केलेले दरवाजे म्हणतात. तसं करावं असं फार मनात आहे. नाशिकच्या अंबडला एक डेंटर आहे, तो म्हणतो दोन दिवसांचं काम.

विचारायचंय ते असं: भोकं बुजवल्यावर पत्रा सपाट राहतो का? इथल्या पावसात रिमोटचं सामान टिकतं का? आणि आरटीओत काही अडचण येते का? ज्यांनी केलंय किंवा करताना पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

मनमाड_जंक्शन | शनिवार, रात्री ९:५२

म्हणजे गाडीची दाढीच करायची म्हणा की! फोटो टाका आधी.

पत्राकाम | शनिवार, रात्री १०:१५

भाऊ, दोन दिवस म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. दोन दिवसांत भोकावर पत्र्याचा तुकडा ठेवून गॅसने झाळून वरून लांबी (पुट्टी) मारून देतील. पहिल्या पावसाळ्यानंतर तिथे केसासारखी चीर दिसेल आणि पुढच्या वर्षी लांबीचा पापुद्रा हातात येईल.

नीट करायचं तर पद्धत अशी. आधी हँडल, त्याची रबरी बैठक, कुलूप काढा. भोकाच्या कडा सरळ, गंजमुक्त होईपर्यंत कापा. जुना पत्रा किती जाड आहे ते मोजा, जुन्या ट्रकना बहुतेक १८ गेज असतो, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. तुकडा त्याच जाडीचा घ्या. आतून चिकटवायचा नाही, कडेला कड भिडवायची, मध्ये नखाच्या जाडीएवढी फट. सीओटू वेल्डिंगला ०.६ची तार लावा. सलग झाळ ओढायची नाही. एक टाका इकडे, एक समोर, मग पत्र्याला हात लावून बघायचा, चटका बसत असेल तर थांबायचं. मागे तांब्याची पट्टी धरली की उष्णता ती ओढून घेते. सगळे टाके जुळेपर्यंत एका भोकाला अर्धा दिवस सहज जातो. दरवाज्याची सपाटी हँडलपाशी सगळ्यात मोठी असते, तिथे पत्रा एकदा ताणला की पोटासारखा फुगतो. मग हातोडी-डॉलीने कितीही ठोका, उन्हात उभी केली की लाट दिसणारच.

शेवटी वरून पातळ लांबी, ती फक्त कातडीपुरती. आणि आतल्या बाजूने प्रायमर मारून मेण फवारा. हे आतलं काम कुणीच करत नाही आणि गंज तिथूनच येतो.

फारगोवाला_१५ | शनिवार, रात्री १०:३१

हे फार मोलाचं आहे, धन्यवाद. आर्गन वेल्डिंगने केलं तर?

पत्राकाम | शनिवार, रात्री १०:४४

आर्गन उत्तम. झाळ मऊ राहते, ठोकता येते. सीओटूची झाळ कडक असते, ती घासावीच लागते. पण जुन्या पत्र्यात गंजाचा कण जरी राहिला तरी आर्गन तडतडतं. हात बसलेला माणूस हवा.

वायरिंगवाले_काका | रविवार, सकाळी ७:०५

वायरिंगचं मी सांगतो. नाशकात द्वारकेला तीस वर्षं हेच केलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सेंट्रल लॉकिंगची मोटर लावणं. बाजारात ती स्वस्त मिळते म्हणून पोरं तीच बसवतात. ती मोटर फक्त कुलपाची बारीक दांडी वरखाली करायला केलेली असते. दरवाज्याचं मशीन, म्हणजे दरवाजा बंद धरणारा आतला खटका, सोडवायला लागणारा जोर वेगळा. शेव्ह केलेल्या दरवाज्याला सोलेनॉइड लागतो, म्हणजे करंट दिला की दांडी झटक्यात ओढणारं विजेचं चुंबक. त्याच्या खोक्यावर आकडा पौंडात असतो. ५० पौंड म्हणजे जवळजवळ पावणेतेवीस किलोची ओढ. तुमच्या मशीनला किती लागते ते आधी मोजा: भंगारवाल्याचा स्प्रिंगचा ताणकाटा मशीनच्या चापाला अडकवा, दरवाजा बंद करून ओढा, कोणत्या आकड्याला सुटतो ते बघा. मग त्याच्या दीडपट ताकदीचा सोलेनॉइड घ्या. रबर नवं असलं की दरवाजा दाबून बसतो आणि जोर वाढतो, म्हणून मोजणी नवं रबर लावूनच करा.

ओढ सरळ रेषेत यायला हवी. वायर वळसा घेऊन गेली की निम्मा जोर वळणातच मरतो.

करंट वीस-तीस अँपिअर क्षणभर जातो. जाड वायर, रिले, फ्यूज बॅटरीपाशी. रिमोटच्या डब्यातून थेट दिलं तर डबा जळतो. शिवाय नुसता खटका सुटून दरवाजा उघडत नाही, त्याला बाहेर ढकलणारा स्प्रिंगचा दट्ट्या लागतो, नाहीतर बोटं घालायला जागाच नसते.

आणि शेवटचं, पण मी ते पहिलं धरतो. गाडी चालू असताना सोलेनॉइडला करंट पोचताच कामा नये. हँडब्रेक ओढला असेल तरच सर्किट पूर्ण होईल असा स्विच टाका. चालत्या गाडीत खिशातला रिमोट दाबला गेला तर काय होईल याचा विचार करा.

द्राक्षबाग | रविवार, सकाळी ७:४८

काका, सहा व्होल्टच्या गाडीला चालेल का? माझ्या मामांकडे एक जुनी डॉज आहे.

वायरिंगवाले_काका | रविवार, सकाळी ८:१०

१९५० च्या सुरुवातीच्या अमेरिकन पिकअप बहुतेक ६ व्होल्टच्या, आणि डॉजला तर पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चेसीला. त्यावर १२ व्होल्टचं किट बसत नाही. आधी अख्खी गाडी १२ वर आणा, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. मामांना विचारल्याशिवाय हात लावू नका मात्र.

मनमाड_जंक्शन | रविवार, सकाळी ८:२२

बॅटरी उतरली तर मालक गाडीत शिरणार कुठून?

वायरिंगवाले_काका | रविवार, सकाळी ८:४०

बरोबर प्रश्न. हौसेची गाडी महिना-महिना उभी असते, बॅटरी उतरणारच. दोन सोयी ठेवतात. एक, चेसीखाली लपवलेली दोन टोकं, बाहेरून दुसरी बॅटरी जोडायला. दुसरी, मशीनच्या चापाला बांधलेली साधी क्लच वायर, तिची मूठ मडगार्डच्या आत किंवा फुटबोर्डखाली. वीज गेली तरी ती वायर दरवाजा उघडते. माझ्या मते दुसरी सोय नसेल तर काम अपुरं.

जुईची_वेल | रविवार, दुपारी १:१५

मी गाड्यांमधली नाही, नवऱ्यामुळे हा मंच वाचते. तरी लिहावंसं वाटलं.

चार वर्षांपूर्वी पावसात घोटीच्या पुढे आमच्यासमोर एक गाडी घसरून डिव्हायडरला धडकली. चालवणारे गृहस्थ शुद्धीवर होते पण हात उचलत नव्हते. मागच्या ट्रकमधला क्लीनर आधी पोचला. त्याला ती गाडी कोणती, तिचा दरवाजा कसा, काही ठाऊक नव्हतं. त्याने हँडल धरलं, पाय टेकवला आणि ओढलं. दुसऱ्या झटक्याला दरवाजा आला. आम्ही त्यांना बाहेर घेतलं. इंजिनातून वाफ येत होती, आम्हाला तो धूर वाटला, म्हणून सगळ्यांचीच घाई.

त्या दिवशी दरवाज्यावर हँडल नसतं तर त्या मुलाने कुठे हात घातला असता? लपवलेली वायर फुटबोर्डखाली आहे हे रस्त्यावरच्या माणसाला कोण सांगणार? मालकाला दरवाजा उघडता येण्याची सोय तुम्ही सगळे बोलताय. अनोळखी माणसाचं काय?

फारगोवाला_१५ | रविवार, दुपारी २:०२

ताई, हा विचार मी खरंच केला नव्हता. माझं म्हणणं इतकंच की आतलं हँडल तसंच राहणार आहे, वर्षातून पाच-सहा वेळा गाडी निघणार, चाळीसच्या वेगाने. काच खाली असली तर बाहेरचा माणूस आत हात घालून उघडू शकतो. पण पावसात काच खाली नसते, हेही खरं.

ओझरकर | रविवार, सायंकाळी ५:३०

इतकं घाबरवू नका त्याला. हँडलं काढणं हा काही आजचा नखरा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात पोरांनी जुन्या मोटारी घेतल्या आणि कंपनीने लावलेला चकचकाट उतरवायला सुरुवात केली. बॉनेटवरचं चिन्ह काढायचं, डिकीची मूठ काढायची, दरवाज्यांची हँडलं काढायची, छत कापून खाली आणायचं. तेव्हा आजच्यासारखी लांबी नव्हती. शिसं आणि कथील वितळवून, लाकडी पट्टीने पत्र्यावर सारवून भोकं बुजवायचे. त्या जड झालेल्या मोटारींना लेड स्लेड नाव पडलं ते त्यावरूनच. लिनवुडच्या बॅरिस बंधूंनी १९५२ मध्ये बॉब हिरोहाटासाठी केलेली १९५१ची मर्क्युरी पाहा. त्या गाडीकडे बघताना नजर कुठेही अडकत नाही, पुढून निघते ती थेट मागच्या टोकाला जाते. ही एक कला आहे. सत्तर वर्षं माणसं ती मन लावून करताहेत.

मी एचएएलमध्ये पत्र्याचंच काम केलं. विमानाच्या कातडीवर एक रिव्हेट वर राहिला तर आम्ही तो परत मारायचो. सपाट पृष्ठभागाचं सुख ज्याने हाताने अनुभवलंय त्याला या मुलाच्या मनातलं कळेल. कर बाबा तू. फक्त नीट कर.

पत्राकाम | रविवार, सायंकाळी ५:५१

ओझरकर काका, शिसं मी एकदा शिकायचा प्रयत्न केला होता. ७० टक्के शिसं, ३० टक्के कथील. ते मध्येच लोण्यासारखं मऊ होतं तेवढ्याच वेळात सारवावं लागतं. एक सूचना नव्यांना: शिसं कानशीने घासा, ग्राइंडर किंवा सँडर लावू नका, त्याची धूळ पोटात गेली तर वाईट.

द्राक्षबाग | रविवार, सायंकाळी ६:१०

विषयांतर करतोय, माफ करा. फारगो, डॉज आणि डिसोटो एकच ना? आमच्याकडे म्हातारे लोक तिन्ही नावं घेतात.

देवळालीकर | रविवार, सायंकाळी ६:४५

एकच. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीची नावं ती. आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती गाडी बनवायची, पुढच्या तोंडावरची पाटी तेवढी वेगळी. डिझेलवाल्यांना पर्किन्सचं पी६ इंजिन असायचं. थंडीत निफाडला सकाळी ते चालू करणं म्हणजे अर्ध्या गल्लीला जाग यायची. आमच्या वडिलांचा बॉडी बांधायचा कारखाना होता, पंचवटीत. लहानपणी मी त्या गाड्यांच्या केबिनमध्येच झोपलोय.

मनमाड_जंक्शन | रविवार, सायंकाळी ६:५८

फारगोवाले, इंजिनचा आवाज टाका राव. हँडलचं नंतर बघू.

पेठरोडकर | रविवार, रात्री ८:२०

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कागदपत्रांच्या कामात आयुष्य गेलं.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर निकाल देताना कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली, चेसी-बॉडी-इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी. नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुन्हा नोंदणीला ५,०००. नंबरात राज्याच्या कोडनंतर व्हीए ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, डिझेल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. तुमची गाडी १९६२ची, म्हणजे वयात बसते. नियमात दुचाकी-चारचाकी म्हटलंय. मालवाहू नोंद असलेली गाडी कशी धरतात ते पेठ रोडच्या आरटीओत आरसी घेऊन जाऊन समोरासमोर विचारा. पण एक नक्की, दरवाज्याचा पत्रा कापून झाळला की “मूळ रूपात” हा शब्द तुमच्या हातून गेला. आज हौस म्हणून काढलेलं हँडल उद्या तो रस्ता बंद करेल.

ओझरकर | रविवार, रात्री ८:४१

आरसीवर हँडलचा रकाना कुठे असतो हो? चेसी नंबर, इंजिन नंबर, रंग, बॉडीचा प्रकार. यातलं काय बदललं?

पेठरोडकर | रविवार, रात्री ९:०३

रकाना नसतो, मान्य. पण गाडी तपासणारा माणूस दरवाजा बाहेरून उघडून बघतो. उघडला नाही तर तो काय लिहील ते तुम्हीच सांगा. आणि व्हिंटेजच्या मुद्द्याला तुमच्याकडे उत्तर नाही.

ओझरकर | रविवार, रात्री ९:१५

त्याला व्हिंटेज करायचीच नाहीये, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय त्याने.

जुईची_वेल | रविवार, रात्री ९:५०

ओझरकर काका, तुमचं कलेचं म्हणणं मला पटलं, त्या मर्क्युरीचे फोटो शोधून पाहिले, सुंदर आहे. पण हाच प्रश्न आता नव्या मोटारींनाही पडलाय. पत्र्यात बुडालेली, विजेवर बाहेर येणारी हँडलं आली, अपघातानंतर वीज गेली की बाहेरून दरवाजा उघडेना अशा तक्रारी झाल्या. चीनने नियम केला की १ जानेवारी २०२७ पासून नव्याने मंजूर होणाऱ्या मॉडेलच्या दरवाज्यांना बाहेरून हाताने चालणारं मेकॅनिकल हँडल हवंच. ज्या देशात अशा सगळ्यात जास्त गाड्या बनतात त्यालाच हे करावं लागलं.

ओझरकर | रविवार, रात्री १०:२०

हे मला माहीत नव्हतं. मेकॅनिकल सोय बाहेर हवी, इतपत मी तुमच्या बाजूला येतो. ती डोळ्यांत भरायलाच हवी, याला अजून नाही.

फारगोवाला_१५ | पुढचा शनिवार, सायंकाळी ४:१०

मंडळी, आठवडाभर गप्प होतो कारण काम सुरू केलं. सोलेनॉइडला जागा किती मिळते हे बघायला काल क्लीनर बाजूच्या दरवाज्याचा आतला पत्रा काढला. आत लाकूड आहे! पूर्ण चौकट लाकडाची. पत्रा बाहेरून फक्त मढवलाय, कडेने दुमडून बारीक खिळे मारलेत. तळाची पट्टी बोटाने दाबली तर भुगा पडला. वरचं लाकूड मात्र दगडासारखं.

मला आजवर वाटत होतं की केबिन कंपनीची, लोखंडी. आता काय करायचं?

पत्राकाम | शनिवार, सायंकाळी ४:१८

वेल्डिंगचं मशीन बंद करा. मी लिहिलेलं सगळं लोखंडी दरवाज्यासाठी होतं, हे तुमच्या गाडीला लागू नाही. पत्र्यामागे दोन सुतावर साठ वर्षं वाळलेलं लाकूड, त्यात डिझेलचा अंश. टाका मारला की लाकूड आतून धुमसतं, बाहेर काही दिसत नाही, तुम्ही जेवायला घरी जाता आणि रात्री केबिन पेटते. भोक बुजवायचंच असेल तर पत्रा पूर्ण सोडवून, टेबलावर झाळून परत मढवावा लागेल. आणि दुमडलेली कड एकदा उघडून परत दुमडली की बहुतेक तुटते. म्हणजे नवा पत्राच.

देवळालीकर | शनिवार, सायंकाळी ५:०५

मी वाट बघत होतो कधी हे निघतंय. तेव्हा बरेच ट्रक काऊल चेसी म्हणून यायचे. इंजिन, बॉनेट, डॅशबोर्डपर्यंतचा पत्रा कंपनीचा. त्यामागचं सगळं, केबिन, दरवाजे, फाळके, गावातला मिस्त्री बांधायचा. चौकट सागाची, काही जण बाभूळ वापरायचे. वरून पत्रा.

आता हँडलबद्दल, कारण हे लोखंडी दरवाज्यात नसतं. लाकडी दरवाज्यात मशीन लाकडात खोबणी कोरून बसवलेलं असतं. बाहेरच्या हँडलचे दोन बोल्ट पत्रा, लाकूड आणि मशीन या तिघांना एकत्र आवळून धरतात. हँडलची चौकोनी दांडी मशीनच्या आरपार जाते. आमचे वडील शेवटचा बोल्ट आवळताना दरवाजा हाताने हलवून बघायचे, खडखड आली तर हँडलखाली चामड्याची चकती घालायचे. ते हँडल काढलंत की मशीन फक्त कडेला लाकडात पिळलेल्या स्क्रूंवर लटकेल. घाटातल्या रस्त्यावर सहा महिन्यांत स्क्रूची भोकं मोठी होतील आणि दरवाजा चालत्या गाडीत सुटेल. त्यावर सोलेनॉइडचे झटके म्हणजे आणखी घाव.

दरवाज्याच्या चौकटीला वरच्या पट्टीवर आतून बघा. बांधणारा मिस्त्री तिथे पटाशीने खूण करायचा. आमच्या कारखान्याची खूण बाणासारखी होती.

वायरिंगवाले_काका | शनिवार, सायंकाळी ५:३०

लाकडी दरवाज्याला सोलेनॉइड लावू नये हे मीही सांगतो. अर्थ कुठून घेणार हाही प्रश्न आहेच. पावसात लाकूड फुगलं की ओढ बदलते. सकाळी मोजलेला आकडा ऑगस्टमध्ये खोटा ठरेल.

मनमाड_जंक्शन | शनिवार, सायंकाळी ५:४२

खूण आहे का बघा लवकर. मी इथे थांबलोय.

फारगोवाला_१५ | शनिवार, रात्री ८:१५

खूण आहे. बाण नाही, दोन आडव्या रेघा आणि मध्ये ठिपका.

देवळालीकर | शनिवार, रात्री ८:२०

मग आमच्या कारखान्यातली नाही. पण शेजारच्या गल्लीत एक मिस्त्री होते, त्यांची रेघा-ठिपक्याची खूण असायची असं वडील सांगायचे. हात फार साफ होता म्हणे.

ओझरकर | शनिवार, रात्री ९:००

मी माझं मत बदलतोय. लोखंडी दरवाजा असता तर अजूनही कर म्हणालो असतो. इथे जे आहे ते हाताने केलेलं लाकूडकाम आहे, त्याला नवा पत्रा मढवून हँडल काढायचं म्हणजे दरवाजाच नवा. तुला सपाटी हवी असेल तर ती दुसरीकडे घे. बॉनेटवर साठ वर्षांत मारलेली किती भोकं आहेत? झेंड्याची काठी, आरसा, हॉर्न, देवाची पाटी. ते तोंड कंपनीचं, लोखंडाचं आहे. तिथे पत्राकाम यांची पद्धत पूर्ण लागू होते. मागच्या फाळक्याच्या साखळ्या-कड्या आत घेता येतील. त्यानेच गाडी निम्मी मऊ दिसेल.

जुईची_वेल | शनिवार, रात्री ९:२५

आणि हँडलं कोणती आहेत? नवी की जुनीच?

फारगोवाला_१५ | शनिवार, रात्री १०:०५

ड्रायव्हर बाजूचं जुनंच, जाड पितळेवर निकेल चढवलेलं, निकेल आता फक्त कोपऱ्यात उरलंय. क्लीनर बाजूचं नंतर बदललेलं, पत्र्याचं, पोकळ.

आज आईला हे सगळं सांगितलं. ती शेडमध्ये आली आणि ड्रायव्हर बाजूचं हँडल धरून फुटबोर्डवर चढली, तिच्या नेहमीच्या सवयीने, डावा हात हँडलला, उजवा खिडकीच्या कडेला. गुडघे दुखतात तरी चढली. मग मी स्वतः चढून बघितलं. ट्रक उंच आहे, दरवाजा अर्धा उघडला की आपण त्याच हँडलवर भार देऊन वर जातो. चित्रातल्या पिकअप कमरेएवढ्या खाली आणलेल्या असतात, त्यांना हे लागत नाही.

तर ठरवलं. दरवाज्यांची हँडलं राहतील. बॉनेटवर मोजली, अकरा भोकं आहेत. ती सगळी बुजवायची, आर्गनने, पत्राकाम यांनी सांगितलं तसं. फाळक्याच्या कड्या आत. केबिनच्या मागच्या बाजूला नंतर जोडलेल्या पट्ट्या काढायच्या. पेठरोडकर काका, मागच्या बुधवारी आरसी घेऊन आरटीओत जाऊन आलो, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. तोपर्यंत बॉनेटलाही हात लावत नाही.

क्लीनर बाजूला जुन्यासारखं हँडल मिळालं तर हवंय. चौकोनी दांडी ८ मिलिमीटरची आहे.

पत्राकाम | शनिवार, रात्री १०:२२

अकरा भोकांना घाई करू नका. एका दिवशी दोनच. बॉनेटची मधली कमान आधी पुठ्ठ्यावर उतरवून ठेवा, म्हणजे झाळल्यावर पत्रा सरकला का ते त्यावर ताडून बघता येईल.

द्राक्षबाग | शनिवार, रात्री १०:३०

मामांच्या डॉजचा एक दरवाजा गेलाय, त्याचं हँडल पडून आहे. पितळीच वाटतं. उद्या दांडी मोजून कळवतो.

वायरिंगवाले_काका | शनिवार, रात्री १०:४१

रिमोटचे पैसे वाचले त्यात पुढच्या दिव्यांची वायरिंग करून घ्या. साठ वर्षांची कापडी वायर असेल तर आधी तीच बदला.

देवळालीकर | रविवार, सकाळी ६:५०

तळाच्या पट्टीला साग घ्यायचा, तोही जुना. नवा साग ओला असतो, पत्र्याआड वाकतो. जुन्या वाड्यांची तुळया-दारं विकणारे पंचवटीत आहेत, मी एकाला ओळखतो. सांध्याला खिळा मारू नका, एकमेकांत अडकणाऱ्या खाचा कापून लाकडी खुंटी बसवायची. पट्टीला खालून तीन भोकं पाडा, पाणी उतरायला. आधीच्यांनी ती लांबीने बुजवली असतील, म्हणूनच भुगा झाला.

कुजलेला तुकडा टाकू नका, मापाला लागेल. मी दुपारी तीनला मळ्यावर येतो, पटाशी माझी आणतो.

फारगोवाला_१५ | रविवार, सकाळी ७:१२

या काका. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. शेडची किल्ली आईकडे असते, मी फाट्यावर घ्यायला येतो.

मनमाड_जंक्शन | रविवार, सकाळी ७:२०

इंजिनचा आवाज अजून आला नाही.